ताटावर हाय तो

आमच्या भांडुपच्या घरात रात्रीचं जेवण तीन वेळा वाढलं जातं. आई साडेसातला जेवून घेते. मी आणि हे नऊच्या सुमारास बसतो. मुलगा बीकेसीतल्या ऑफिसातून शेअर रिक्षाने कुर्ला, तिथून स्लो लोकल, असं करत घरात शिरतो तेव्हा साडेदहा झालेले असतात. धाकटी कधी आमच्याबरोबर, कधी दादाबरोबर. त्याचं ताट मी स्वतः वाढते, डोळे कितीही मिटत असले तरी. तो हातपाय धुऊन बसतो आणि पहिला घास मोडायच्या आधी म्हणतो, "थांब हं आई, काहीतरी लावतो."

हे 'लावतो' माझ्या कानाला बरेच दिवस टोचत होतं. एकदा लोणच्याची बरणी उघडताना उलगडा झाला. आपल्याकडे तोंडी लावणं असतं. ताटाच्या डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. त्याच्या बोटभर चवीवर घास पुढे सरकतो. या पोरांचं तोंडी लावणं आता पडद्यावर असतं. फोन तांब्याला टेकवून उभा करायचा आणि काय लावायचं ते शोधायचं. त्यात पाच-सात मिनिटं सहज जातात. अंगठा वर सरकत राहतो, मनाला काही येत नाही, आणि इकडे पोळीवरचं तूप थिजायला लागतं. मी ओट्याला टेकून हे बघत उभी असते. रागवायचं म्हटलं तर शब्द फुटत नाही. बारा तास बाहेर राबून आलेलं पोर आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एकादशी होती. आई आणि मी उपासाला, हे गावाला गेलेले, धाकटी मैत्रिणीकडे. त्यामुळे स्वयंपाक एकट्या मुलापुरताच होता आणि मी चव काही घेतली नव्हती. तो नेहमीसारखा आला, बसला, काहीतरी लावलं, दोनदा आमटी-भात घेऊन जेवला, ताट सिंकमध्ये ठेवून झोपायला गेला. सकाळी उपास सोडताना मी उरलेली आमटी गरम केली. पहिल्याच घोटाला थांबले. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हतं, अजिबात नव्हतं. घालायलाच विसरले होते.

सुगरणपणाला धक्का लागला म्हणून मला वाईट वाटलं नाही. भीती वाटली. दोन वाट्या अळणी आमटी या मुलाच्या जिभेवरून गेली आणि जिभेला पत्ता लागला नाही. मग रोजचं जेवण तरी त्याच्यापर्यंत पोचतंय की नाही? त्या रात्री तो आल्यावर मी त्याला विचारलं, "काल आमटी कशी झाली होती रे?" तो म्हणाला, "मस्त." खोटं बोलायचं म्हणून नाही म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

धाकटी मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, यावर प्रयोग झालाय." इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात २०११ साली ४४ जणांना दुपारचं जेवण दिलं होतं. नऊ वेगवेगळे पदार्थ. निम्म्यांनी शांतपणे जेवायचं, निम्म्यांनी कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ खेळत. अर्ध्या तासाने सगळ्यांपुढे बिस्किटं ठेवली. खेळत जेवलेल्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्ली, आणि आपण काय कोणत्या क्रमाने जेवलो ते त्यांना नीट सांगता आलं नाही. पोट भरल्याची आठवणही मेंदूला लागते, असं ती म्हणाली. माझा मुलगा रात्री साडेबाराला फरसाणाचा डबा का उघडतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पण माझ्या मनातली गोष्ट याच्याहून जुनी आहे.

माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. चाळीतली दहा बाय बाराची खोली, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात दोन स्टोव्ह, मधे पंगत. बावीस-तेवीस मेंबर. कोणी साताऱ्याकडचे, कोणी रत्नागिरीचे, बायकामुलं गावी ठेवून गिरणीत लागलेले. एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. आमच्या खोलीत एका वेळी सात-आठ माणसंच मावायची, त्यामुळे पंगतीमागून पंगत. सगळं भोंग्यावर चाले. सकाळी सातला पहिली पाळी, दुपारी साडेतीनला दुसरी, मध्यरात्री बाराला रातपाळी. पाळी सुटली की जिन्यात चपला वाजायच्या आणि आई तवा चढवायची.

अशा बायका गिरणगावात खूप होत्या. मेंबरांचा पैसा पगाराला मिळायचा, वाण्याला मात्र रोज द्यावा लागायचा, आणि मधल्या दिवसांसाठी सावकार. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा या खाणावळवाल्या बायकांना पहिल्यांदा बँकेच्या कर्जाची वाट दिसली. आईने आलेल्या कर्जातून पितळेचा मोठा टोप घेतला. तो अजून आमच्या माळ्यावर आहे. विकायचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही.

पूर्वी जेवताना घरं गप्पांनी भरलेली असायची, असं लोक सांगतात. असतीलही. आमच्या पंगतीत बोलणं कमीच असे. आठ तास साचेखात्यात, मागांच्या आवाजात उभी राहिलेली माणसं. कान बधिर झालेले, अंगावर कापसाचा भुगा. ती मुकाट जेवायची. पण त्या मुकाट जेवण्यात आईचं आणि त्यांचं सारखं काहीतरी चाललेलं असायचं. ताटावर आडवा पंजा म्हणजे पुरे. वाटी दोन बोटांनी पुढे सरकवली म्हणजे आमटी. भाताला मधे खळगा केला म्हणजे डाळ ओत. आई वाकून वाढत फिरायची तेव्हा तिची नजर ताटांवर नसायची, हातांवर असायची. कोणी भाकरी अर्धी टाकून उठला तर पुढच्या जेवणाला हळूच विचारायची, "गावाकडनं काय कागुद आला का?" बहुतेक वेळा आलेला असायचा.

एक दुपार मला आजही समोर दिसते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पंगत बसलेली, आणि दारात तारवाला. तार म्हणजे काय हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. आईने तार घेतली, गॅलरीत जाऊन शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. पंगतीत बसलेल्या एका काकांची आई गेली होती. काकांनी मान वर करून विचारलं, "कुणाची हो?" आईने तार कमरेला पदरात खोचली. म्हणाली, "हाय एक. तुमी जेवा." मास्तर दारातून कुजबुजले, अहो, त्याला सांगायला हवं, गाडी गाठायची असेल. आई तशाच हळू आवाजात म्हणाली, "ताटावर हाय तो. हात धुऊ दे."

आणि मग तिने त्यांना अर्धी भाकरी जास्त वाढली. ते पंजा आडवा धरत होते, तरी वाढली. पुढचा दिवसभर त्या माणसाच्या पोटात काही जाणार नाही हे तिला माहीत होतं. ते जेवले, मोरीवर हात धुतला, पंचाने तोंड पुसलं, तोवर ती तिथेच उभी होती. मग पदरातून तार काढली.

ताटावर बसलेल्याला वाईट बातमी सांगू नये, ताटावरून कोणाला उठवू नये, हे आपल्यातल्या कितीतरी जणांनी घरात ऐकलेलं असेल. मला ते लहानपणी नुसतं सोवळ्यातलं शास्त्र वाटायचं. आता वाटतं की जगात सगळीकडून माणसाला धक्के बसत असतात, निदान जेवायला बसल्यावर त्याला कोणीतरी राखावं, एवढाच त्याचा अर्थ होता. ताट हा आडोसा होता. दाराशी कोणीतरी उभं असायचं, आणि आलेली बातमी पदरात धरून ठेवायचं.

तार २०१३ साली बंद झाली. तारवाला मात्र आता माझ्या मुलाच्या ताटासमोर, तांब्याला टेकून उभा असतो. त्याला दारात अडवायला कोणी नाही.

परवाच पाहिलं. भेंडीची भाजी, जी त्याला लहानपणापासून आवडते. समोर कुठल्यातरी क्रिकेटच्या जुन्या मॅचचे तुकडे चालू. चेहरा जरा सैल झालेला. तेवढ्यात पडद्याच्या वरून एक पट्टी खाली सरकली. घास तोंडाजवळ होता, तो परत ताटात गेला. डाव्या हाताने तो टाइप करायला लागला. "काय रे?" मी म्हटलं. "काही नाही, ऑफिसचं." मग उठला, उष्ट्या हातानेच आत जाऊन लॅपटॉप उघडला. मी घड्याळ मुद्दाम बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. तो परत येईपर्यंत उजव्या हातावरचं वरण वाळून पांढरं पडलं होतं. उरलेला भात त्याने पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला.

माझ्या आईचे मेंबर गरीब होते, त्यांच्या छातीत कापूस जायचा, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसांचं ताट एकदमच पालथं झालं. त्या दिवसांना मी सोन्याचे दिवस म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं की सलग पाच तासांच्या वर काम घ्यायचं नाही, मधे किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. आणि पाळी सुटली की सुटली. मुकादम जिना चढून आमच्या पंगतीत येऊन उभा राहत नव्हता. माझ्या मुलाच्या नोकरीला एसी आहे, खुर्ची आहे, पगार बरा आहे, पण पाळी सुटल्याचा भोंगा नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर ऑफिसपासून सुटं होण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा अजून झालेला नाही. तरुण मुलं जेवताना फोन सोडत नाहीत म्हणून लग्नाकार्यात तावातावाने बोलणाऱ्या काकालोकांना मी आता एवढंच विचारते, तुमच्या हाताखालच्या मुलाला तुम्ही रात्री किती वाजता मेसेज टाकता?

मुलाशी एकदा नीट बोलले. ओरडायचं नाही असं ठरवूनच. तो म्हणाला, "आई, दिवसभरात ही वीस मिनिटं फक्त माझी असतात. मला त्यात कोणी काही विचारलेलं नको वाटतं." मला रडू आलं, पण ते त्याला दिसू दिलं नाही. म्हणजे तो व्हिडिओ लावतो तो आडोशासाठीच. जे काम माझी आई पदराने करायची, ते तो पडद्याने करू बघतोय. फक्त त्याचा आडोसा आणि त्याचा तारवाला एकाच काचेत राहतात.

टीव्हीसमोर आम्हीही जेवलोय. रात्री मालिका लागली की ताटं हॉलमध्ये यायची, मीच आणून द्यायची. पण जाहिराती लागायच्या. त्या दोन मिनिटांत "भाजी देऊ?", "आज डब्यात काय टाकलंस?", "उद्या फी भरायचीय" हे सगळं उरकायचं. आमच्या घराचं निम्मं बोलणं जाहिरातींनी सांभाळलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पुरवून वापरायची सवय एका वर्षात सुटली, आणि मग प्रत्येकाच्या ताटापुढे वेगळा पडदा. त्याला मधली सुट्टीच नाही. एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं.

धाकटीने आणखी एक अभ्यास सांगितला, तो मला पटला, कारण त्यात उगाच भीती घातलेली नाही. कॅनडात व्हँकुव्हरला तीनशेहून जास्त माणसांना मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर हॉटेलात जेवायला बसवलं. काही टेबलांवर फोन हाताशी, काहींवर डब्यात घालून बाजूला ठेवलेले. फोन हाताशी असलेल्यांना जेवणाची मजा थोडी कमी आली, मन इकडेतिकडे जास्त गेलं. फरक डोंगराएवढा नव्हता. पण होता. आणि रोज रात्रीचा थोडा थोडा फरक वर्षाकाठी किती होत असेल, हे मी मनात मोजत बसते.

एका फोनला मात्र मी कधीच नाव ठेवणार नाही. मुलाचा एक मित्र कोल्हापूरहून नोकरीला आलाय, साकीनाक्याला तीन मुलांबरोबर पीजीत राहतो. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आला होता. सांगत होता, काकू, मी रोज साडेनऊला डबा उघडतो आणि आईला व्हिडिओ कॉल लावतो. तीही तेव्हाच ताट घेऊन बसते. ती फोन भिंतीला टेकवते, मी उशीला. कधी बोलतो, कधी नाही. डब्यातली भाजी ती बघायला मागते आणि म्हणते, "तेल लई दिसतंय रं." हे ऐकताना माझी आई एकदम सरळ होऊन बसली. एकट्याला घास उतरत नाही हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक आहे? तिच्या पंगतीतले सगळेच एकटे होते. त्या मुलाने जे समोर लावलंय ते तोंडी लावणं नाही, वाढणारं माणूस आहे. चारशे किलोमीटरवरून त्याची आई त्याच्या हाताकडे बघतेय.

समोर कोणी नसताना फोन घेऊन जेवणं वेगळं, आणि समोर कोणी डाव हातात धरून उभं असताना घेणं वेगळं. मला बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल. वाढणाऱ्याचं बघणं आणि जेवणाऱ्याचं "पुरे" म्हणणं ही दोन टोकं आहेत. एक सुटलं की दुसरं लोंबकळत राहतं. मी विचारते, "पोळी देऊ?" उत्तर नाही. पुन्हा विचारते. तो कानातलं काढून "हं?" करतो. तिसऱ्यांदा मी विचारत नाही, वाढून टाकते, आणि मग ती ताटात राहते. असं महिनाभर झालं की विचारणंच बंद होतं. मुलांनी बोलणं सोडलं असं आपण म्हणतो. माझ्या घरात मीही विचारणं सोडलं होतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद ठेवतात. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी माणसांशी बोलावं म्हणून गावाने मिळून ठरवलं. पेपरात वाचलं तेव्हा आईला मोठ्याने वाचून दाखवलं. भोंगा म्हटल्यावर ती हसली. तिच्या आयुष्यात भोंगा माणसांना कामावर बोलवायचा. मुंबईत असा भोंगा कोण वाजवणार? सातला माझा मुलगा ऑफिसात असतो, धाकटी क्लासला, आणि निम्मं शहर दोन स्टेशनांच्या मधे लटकलेलं. इथे ज्याचा त्यालाच भोंगा व्हावं लागतं.

उपाय म्हणून मी फार काही केलं नाही. टोपलीत फोन ठेवायचे, दंड लावायचा, असं सोसायटीतल्या बायका करतात. आमच्याकडे ते चार दिवस टिकलं आणि पाचव्या दिवशी भांडण झालं. मग रविवार दुपारचं वाढप मी मुलाकडे दिलं. एवढंच. म्हटलं, माझी कंबर धरलीय, आज तू वाढ. कंबर खरंच धरली होती.

पहिल्या रविवारी त्याला मीठ आधी वाढायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. पानाच्या मधोमध वर मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. आईने बसल्या जागेवरून बोटाने दाखवलं आणि तो तसं तसं ठेवत गेला. दोन्ही हात अडकलेले, एकात भांडं, एकात डाव. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला राहिला, मी सांगितलं नव्हतं. आजीला त्याने विचारलं, "आजी, अजून भात?" आई आता सत्त्याहत्तरची, कानाने कमी. ती काही बोलली नाही. तो पुन्हा विचारणार होता, तेवढ्यात त्याला तिचा आडवा पंजा दिसला. "म्हणजे नको?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी मान हलवली.

हा चौथा-पाचवा रविवार असेल. सगळ्यांना वाढून तो शेवटी बसला. पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आमटी जरा अळणी आहे ना?" होती. दोन चिमटीच कमी होती. मी उठणार तर त्याने स्वतःच ताटातलं मीठ बोटाने आमटीत मोडलं.

आत फोन वाजायला लागला. रविवार दुपार, दीड. तो अर्धा उठला. धाकटी त्याच्या आधी उठली, आत गेली, आणि तिचा आवाज ऐकू आला. "दादा ताटावर आहे. हात धुतला की करेल."

आईला यातलं काही ऐकू गेलं नाही. तिने वाटी दोन बोटांनी पुढे सरकवली. मुलाने ती बघितली, आणि उष्टा हात मागे धरून डाव्या हाताने डाव उचलला.